एका दोराला एकच हात

“बघू, दोर संपू दे.”

कुणी काहीही विचारलं तरी भिंगरीचं उत्तर ठरलेलं. जेवायला येतेस का? बघू, दोर संपू दे. मावशीकडे चार दिवस राहून येतेस का? बघू, दोर संपू दे. एकदा गल्लीतली एक म्हातारी स्थळ घेऊन आली. मुलगा कसा शांत, कसा कष्टाळू, त्याच्या घराला कशा मोठ्या खिडक्या, हे सांगता सांगता तिच्या तोंडाला कोरड पडली, आणि सगळं ऐकून घेऊन भिंगरीनं तेवढंच म्हटलं. म्हातारी उठताना आईला म्हणाली, “बाई गं, तुझ्या पोरीला वरून बोलावणं आलं तरी ती दोर संपू दे म्हणेल.”

“मग वरच्याला ताटकळावं लागेल,” आई म्हणाली. “आमच्याकडे एक दोर संपायच्या आत दुसरा लागलेला असतो.”

त्यात खोटं काही नव्हतं. त्या घरात दोर वळायला कधी सुरुवात झाली हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते काम थांबलेलं कुणी पाहिलं नव्हतं. घर रस्त्याला लागून. घराच्या अंगाला चिकटून एक अरुंद पट्टा लांबच लांब, पार मागच्या झाडांपर्यंत गेलेला. दोन्ही कडांना गवत, आणि मधली माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी इतकी घट्ट बसलेली की पाण्याचा थेंब पडला तर घरंगळून जावा. घरातले तिला नुसतं ‘वाट’ म्हणत.

वाटेच्या रस्त्याकडच्या टोकाला चाक. छातीएवढं, लाकडी, मूठ हातानं झिजून लोण्यासारखी झालेली. चाक फिरलं की त्याच्यापुढचा लोखंडी आकडा गरगरायचा. चाक फिरवणारी बाई रस्त्याला पाठ करून, वाटेकडे तोंड करून उभी राहायची. दोर वळणारा कमरेभोवती घायपाताच्या पानांतून निघालेला पांढरा वाख गुंडाळायचा, त्यातली एक चिमूट आकड्यात अडकवायचा आणि बोटांतून वाख सोडत सोडत मागे मागे जायचा. पाठमोरा. आयुष्यभर पाठमोरा. आपण कुठे चाललो आहोत हे त्याला दिसत नाही. त्याला दिसतं ते फक्त चाक आणि चाकावरचं माणूस. त्याच्या मागे दगड आला, कोंबडी आडवी गेली, तर ते चाकावरच्यानं बघायचं आणि डावा हात वर करायचा. म्हणजे पाय एकाचे आणि डोळे दुसऱ्याचे. ज्या नवराबायकोला भांडायचं असेल त्यांनी हा धंदा करू नये, असं आई म्हणायची. “भांडण झालं तर तो पडतो, आणि हसले तर पुन्हा भांडण होतं.”

आईनं हे चाक आपलं कोपर जाईपर्यंत फिरवलं. भिंगरी लहान होती तेव्हा तिला स्टुलावर उभी करायची, मूठ तिच्या हातात द्यायची, आणि वरून आपला हात ठेवायची. पोरीला एवढी हौस की आईचा हात सुटला रे सुटला की चाक सुसाट. सुताला कुरळ्या केसांसारखे वळसे पडायचे. “अगं, भिंगरी आहेस की काय,” बाबा पलीकडून ओरडले, आणि तेच नाव पडलं. कागदावरचं नाव चांगलं ठेवणीतलं होतं, पण ते इतकं कमी वापरलं गेलं की हजेरीत पुकारलं की तिला स्वतःलाच क्षणभर मागे वळून बघावं लागे.

पुढे आईच्या कोपरात दुखणं बसलं ते बसलंच. चहाचा कपसुद्धा तिला डाव्या हातानं उचलावा लागे. तेव्हापासून चाक भिंगरीचं. सकाळी कॉलेज, दुपारपासून चाक. एका हातानं मूठ फिरवायची आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरायची, तर बाबा ओरडायचे, “डोळे इकडे! मी पडलो तर तुझं पुस्तक उचलणार नाही मला.” मग पुस्तक खाली जायचं. पण ओठ हलत राहायचे. आई बाजूला बसून खिळ्यांच्या फणीवर वाख विंचरायची आणि ते हलणारे ओठ बघायची. तिला त्यातला शब्द कळायचा नाही. पोर काहीतरी चघळते आहे आणि तिला ते गोड लागतं आहे, एवढं कळायचं.

भिंगरीनं वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. घरात वाख पडलेलाच असतो, म्हणून असेल. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी पालकांना प्रयोगशाळा दाखवायचा दिवस होता, तेव्हा ती आईला हाताला धरून घेऊन गेली. टेबलावर सूक्ष्मदर्शक. एक डोळा मिटून बघ, म्हणाली. आईनं दोन्ही मिटले.

“दिसलं का?”

“काळंकुट्ट आहे गं सगळं.”

भिंगरी हसून हसून वाकली. मग आईचा एक डोळा तिनं स्वतःच्या तळव्यानं झाकला. तेव्हा आईला दिसलं. गोल गोल भोकं एकाला एक चिकटलेली, मधाच्या पोळ्यासारखी, आणि प्रत्येकाच्या कडेनं उजेडाची एक जाड रेघ.

“हा तुझा वाख, आई. पानाची चकती आहे, आडवी कापलेली.”

“इतक्या जवळून बघितल्यावर वाख काय, माणूसही ओळखू यायचं नाही,” आई म्हणाली, आणि बाजूला झाली. मग भिंगरी वाकली. आणि आईनं तिचं तोंड बघितलं. घरात ही पोर कधी स्वस्थ नसायची. हात नाही तर पाय, पाय नाही तर ओठ, काहीतरी हलत असायचं. इथे ती थांबली होती. सगळीच्या सगळी थांबली होती, भांड्यातलं पाणी निवळावं तशी. आईला वाटलं, आपण हाक मारली तर हिला लांबून यावं लागेल. तिनं हाक मारली नाही. खोलीभर लोक ये-जा करत होते आणि ती तिथे भिंतीला टेकून उभी राहिली.

निकाल लागला आणि थोड्याच दिवसांत कॉलेजातल्या मॅडम स्वतः घरी आल्या. बसायला खुर्ची दिली तर त्या वाखाच्या गठ्ठ्यावरच बसल्या. दूरच्या शहरातल्या विद्यापीठात भिंगरीला एम.एस्सी.ची जागा मिळाली होती. तिथे घायपातावरच काम करणारे एक प्राध्यापक होते. वसतिगृह होतं, शिष्यवृत्तीही होती. फक्त महिना संपायच्या आत जाऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला.

“आणि ती शाळेची नोकरी?” बाबांनी विचारलं. गावातल्या शाळेला विज्ञानाची बाई हवी होती, आणि मुख्याध्यापिकेनं भिंगरीला आधीच विचारून ठेवलं होतं. शाळा हाकेच्या अंतरावर. सकाळी जायचं, दुपारी घरी. दुपारी घरी म्हणजे चाकावर, हे कुणी म्हणत नव्हतं, पण सगळ्यांना ऐकू येत होतं.

“तीही चांगलीच आहे,” मॅडम प्रामाणिकपणे म्हणाल्या. “ठरवायचं हिनं.”

सगळ्यांनी भिंगरीकडे बघितलं.

“बघू, दोर संपू दे,” भिंगरी म्हणाली.

मॅडमनी वाटेकडे नजर टाकली. चाक रिकामं होतं, आकडा रिकामा होता. त्यांनी आईला हळूच विचारलं, “कुठला दोर?”

“तो अजून लागायचाय,” आई म्हणाली.

लागायला वेळ गेला नाही. दोनतीन दिवसांनी बाबा वाख बघायला बाहेर गेले होते आणि नदीवरचा नावाडी आला. त्याची नाव दोरावर चालायची. या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणलेला, आणि नावाडी तो हातांनी ओढत माणसं पार न्यायचा. मध्यंतरी त्यानं नायलॉनचा लावून बघितला होता. उन्हानं तो पिंजला आणि ओला झाला की हातात ठरेना. जुना पुन्हा चढवला होता, पण त्याचंही आता पोट सुटलं होतं.

“नवा लागेल,” तो म्हणाला. “जाडजूड, तीनपेडी. घाई नाही म्हणणार होतो, पण आहे. दोरवाले आले की विचारून ठेव.”

आई आत भाजी चिरत होती. खिडकीतून तिला भिंगरीची पाठ दिसत होती.

“विचारायचं काय त्यात?” भिंगरी म्हणाली. “घेतला.”

आईच्या हातातली सुरी थांबली.

त्या घरात शब्द दिला की दोर लागला असं धरायचे. आणि दोर लागला की त्याचा एक नियम होता: एका दोराला एकच हात. ज्या हातानं पहिल्या सुताला पीळ दिला त्याच हातानं शेवटच्या पेडापर्यंत जायचं. माणसागणिक पीळ वेगळा असतो. कुणाचा कडक, कुणाचा मऊ, कुणी मूठ वर येताना जोर लावतो, कुणी खाली जाताना. दोन हातांचा पीळ एका दोरात आला की ओझं सारखं वाटलं जात नाही. एक पेड राबतो आणि दुसरा आळशी पाहुण्यासारखा बसून राहतो. आजोबांच्या वेळी एकदा असा हात बदलला होता. विहिरीचा दोर बरोबर त्या जागी तुटला. बादलीच गेली, माणूस नाही, पण ती बादली त्या घरात अजून बुडतच होती. अर्धा दोर टाकून कुणी लग्नाला गेलं नव्हतं, की मयताला.

बाबा आले. नावेचा दोर आहे आणि भिंगरीनं घेतलाय हे ऐकून त्यांचं तोंड एकदम उजळलं. ते आईला दिसलं. आणि ते आईला दिसलं हे बाबांनाही दिसलं. त्यांनी लगेच नावाड्याच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली. असा आयत्या वेळी येतो, नदी काय कालपासून आहे का, वगैरे. पण आवाजात रागाचा पीळ काही बसेना.

संध्याकाळी आईनं भिंगरीला गाठलं. ती चाकाच्या आसाला तेल घालत होती.

“मुद्दाम घेतलास.”

“महिना संपायच्या आत होईल, आई. मी अंदाज काढलाय.”

“अंदाज.”

“वाख कोरडा आला तर सहज होईल.”

“आणि नाही आला तर?”

“बघू,” भिंगरी म्हणाली. पुढचे तीन शब्द तिच्या तोंडातून आले नाहीत. तिनं तेलाची कुपी उगीच पुन्हा पुन्हा पुसली.

आईला वाटलं, हिला सरळ विचारावं, तुला जायचंय की नाही? पण तिनं विचारलं नाही, कारण तिला दोन्ही उत्तरांची भीती वाटत होती. नाही म्हणाली तर ते प्रयोगशाळेतलं निवळलेलं तोंड आईच्या डोळ्यांपुढून हलणार नव्हतं. हो म्हणाली तर या वाटेवर, या चाकाशेजारी, आईनं कुणाचे ओठ बघत वाख विंचरायचा?

वाख ओला आला. व्यापाऱ्यानं तो कुठेतरी दमटात ठेवला होता. पसरून वाळवायचा तर आभाळ दिवसेंदिवस झाकोळलेलं. घरभर, खाटेवर, दोऱ्यांवर, दारावर वाख टांगला. घर म्हाताऱ्या माणसाच्या दाढीत शिरल्यासारखं झालं. दिवस तसेच गेले. अंदाज चुकला होता. चुकला की चुकवला, हे आई मनात घोळवत राहिली, आणि भिंगरीकडे बघून तिला वाटायचं, हे त्या पोरीलाही ठाऊक नसावं.

शेवटी ऊन पडलं आणि काम लागलं. सुतं झाली, सुतांचे पेड होऊ लागले. एक पेड झाला, दुसरा झाला. तिसऱ्याची निम्मी सुतं झाली होती आणि महिना संपत आला होता. मॅडमचा फोन येऊन गेला. भिंगरीनं तो कानाला लावून नुसतं “हो मॅडम, हो मॅडम” केलं.

त्या दुपारी बाबा बरेच मागे गेले होते. आई नेहमीच्या जागी फणीपुढे. चाकाचा आवाज तिच्या अंगवळणी पडलेला, आपल्याच श्वासासारखा. त्यात बदल झाला की तिचे हात आपोआप थांबायचे. ते थांबले. चाक फिरत होतं, पण रडतखडत. भिंगरीची नजर बाबांवर नव्हती. बाबांच्याही पलीकडे, झाडांच्या वर कुठेतरी होती. आणि तिचे ओठ हलत नव्हते.

लांबून बाबांनी मूठ वर केली. चाक थांबलं. त्यांनी हातातलं सूत वाटेच्या कडेच्या खुंट्याला अडकवलं आणि ते चालत आले. समोर तोंड करून, त्या वाटेवरून, अर्ध्या सुतात. आईनं हे कधी बघितलं नव्हतं. तिला ते कपडे उलटे घातल्यासारखं दिसलं.

“पीळ ढिला पडतोय,” बाबा म्हणाले.

“पुन्हा फिरवते.”

“फिरवशील. पण कुठे आहेस तू?”

“इथेच तर आहे, बाबा.”

“इथे तुझा हात आहे. बाकीची कुठे आहेस?” ते धापा टाकत होते. “जायचंय का तुला?”

“बघू, दो–”

“दोराचं नाव काढू नकोस. दोर माझा आहे. तुझं सांग.”

भिंगरीनं मूठ दोन्ही हातांनी धरली. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला, घंटी वाजवत.

“जायचंय,” ती म्हणाली. “आणि इथून हलायचंही नाही. मला दोन्ही पाहिजे. म्हणून घेतला हा दोर. म्हटलं, वेळेत झाला तर जाईन, नाही झाला तर राहीन. माझ्यावर नको होतं ते.”

“दोरावर टाकलंस.”

“हो.”

“तो बिचारा तीनपेडी. त्यानं किती ओढायचं?” बाबा म्हणाले. ते हसायला बघत होते, पण जमलं नाही. मग खाली मातीकडे बघत म्हणाले, “आणि मी खूश झालो. तू घेतलास म्हटल्यावर. आईला विचार.”

“मला कशाला मध्ये घेता?” आई म्हणाली. “पण झाले होते. दिवाळं निघालेल्याला वारसा मिळावा तसं तोंड झालं होतं.”

यावर भिंगरी हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाबांनी वाटेकडे बघितलं. लांबवर खुंट्याला सूत लोंबत होतं. “आता काय,” ते म्हणाले. “अर्ध्यात आहे. हात तर बदलता येत नाही.”

आई उठली. मांडीवरचा वाख तिनं झटकला.

“बाजूला हो,” ती भिंगरीला म्हणाली.

“आई, तुझं कोपर.”

“माझं कोपर माझ्यापाशी आहे, कुठे गेलं नाही. स्टुलावर उभं करून हिला कुणी शिकवलं? हिच्या हातावर कुणाचा हात होता? हिचा हात तो माझाच हात. बदलतो कुठे?” हे ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, आणि असं म्हणाली की जणू हे सगळ्यांना माहीतच आहे. पण तिला स्वतःला माहीत होतं, तसं नसतं. पोर आपल्या पोटातून येते म्हणून तिचा पीळ आपला राहत नाही. भिंगरीचा हात कधीच स्वतंत्र झाला होता, मूठ वर येताना थोडा रेंगाळणारा, खाली जाताना झपकन उतरणारा. आईला तो डोळे मिटून ओळखता आला असता.

तिनं मूठ धरली. पहिल्या फेऱ्यालाच कोपरातून खांद्यापर्यंत कळ गेली. तिनं तोंडावर काही येऊ दिलं नाही. बाबा परत गेले, खुंट्यावरून सूत सोडवलं, आणि मागे मागे जाऊ लागले. भिंगरी फणीपाशी बसून राहिली. वाख विंचरायचं तिला सुचलं नाही.

सूत पुरं झालं. बाबा ते घेऊन आले आणि नेहमीसारखे डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवू लागले. या बाबतीत त्यांनी कधी कुणाची गय केली नव्हती. स्वतःच्या वडिलांचा दोर त्यांनी एकदा गिऱ्हाइकासमोर नाकारला होता. म्हाताऱ्यानं तेव्हा म्हटलं होतं, सुंभ जळेल पण याचा पीळ जायचा नाही. आई त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठा सरकत होता, सरकत होता. एका जागी तो अडला. अंधारात उंबरठा लागल्यावर पाय अडतो, एवढंच. मग पुढे सरकला.

“हात बदललेला कळत नाही,” बाबा म्हणाले.

भिंगरीनं हात पुढे केला. तिनंही सूत घेतलं, तिनंही डोळे मिटले. तिचा अंगठा त्याच जागी अडला. आईला ते दिसलं, बाबांना दिसलं. वाटेवर वारा नव्हता, गवत हलत नव्हतं.

“नाही कळत,” भिंगरी म्हणाली, आणि तिनं सूत वडिलांच्या हातात परत दिलं.

त्या सुताचं काय होणार हे तिघांनाही समजलं होतं. बाबा असा दोर नावेला देणार नव्हते. पाण्यावर माणसं असतात. झालेले पेड बाजूला जाणार, त्यांच्या जनावरांच्या दोऱ्या होणार, नावाड्याला थांब म्हणून सांगावं लागणार आणि त्याची बोलणी खावी लागणार. मग सगळं पहिल्या सुतापासून, आईच्या हातानं, आईच्या कोपरावर. भिंगरी घरात गेली आणि तिनं माळ्यावरून बॅग खाली काढली. बॅगेवर वाखाची पांढरी कुसळं चिकटली होती. ती एकेक करून वेचत भिंगरी बराच वेळ बसली.

जायच्या सकाळी आई उठली तेव्हा बाबा आधीच फणीवर होते. त्यांच्या बाजूला वाखाचा ढीग झाला होता, ओल्या उजेडात पांढरा शुभ्र. उरलेल्या अर्ध्या पेडाला इतका लागला नसता. भिंगरी दात घासत बाहेर आली, तिनं ढिगाकडे बघितलं, मग आईच्या कोपराला गुंडाळलेल्या लोकरीच्या पट्टीकडे.

“वाख बराच काढलाय,” ती म्हणाली.

“असू दे. उरला तर उरला,” बाबा म्हणाले.

भिंगरी आत गेली, कपडे करून आली, बॅग दाराशी ठेवली. पुन्हा आत गेली. पाण्याची बाटली विसरली होती. पुन्हा आत गेली. काहीच विसरलं नव्हतं. मग आईच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, “शाळेची जागा अजून रिकामी आहे, आई.”

“असेल.”

“मुख्याध्यापिका परवा भेटल्या होत्या. तुझ्यासाठी ठेवते म्हणाल्या.”

आईनं तिच्या कॉलरवरचं एक कुसळ काढलं. “त्या दिवशी ते यंत्र दाखवलंस ना मला,” ती म्हणाली. “मला त्यातलं काही कळलं नाही. भोकं होती. पण तू बघत होतीस तेव्हा मी तुला बघत होते. तसं तुझं तोंड या घरात मी एकदाही बघितलं नाही. इथे तू नेहमी आमच्याकडे बघत असतेस, आम्ही पडू म्हणून.”

“मग नको का बघू?”

“बघितलंस तेवढं पुष्कळ झालं. आता बाबांना पडायची सवय करू दे.”

“मी ऐकतोय,” बाबा फणीवरून म्हणाले.

“ऐकायलाच बोलले.”

भिंगरी हसली, आणि दाराच्या चौकटीला टेकून तशीच उभी राहिली. बसची वेळ होत आली. ती हलेना. बाबांनी एकदा आईकडे बघितलं आणि ते उठले. कमरेभोवती वाख गुंडाळायला लागले.

“आत्ता?” आई म्हणाली.

“आत्ताच,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “आपण दारात उभे राहिलो तर ती निघायची नाही. आणि मीही तिला निघू द्यायचो नाही.”

आई चाकापाशी गेली. रस्त्याला पाठ करून, वाटेकडे तोंड करून उभी राहिली. बाबांनी रिकाम्या आकड्यात वाखाची पहिली चिमूट अडकवली. भिंगरीनं ते बघितलं. नव्या दोराचं पहिलं सूत. मागून येऊन तिनं आईच्या पाठीवर गाल टेकला, चाकाच्या मुठीला हात न लावता. आईला तिच्या श्वासाची ऊब जाणवली, मग तीही नाही. बॅग उचलल्याचा आवाज आला, मग रस्त्यावर पावलं.

चाक सुरू झालं होतं. सूत लागल्यावर चाकावरच्यानं मान वळवायची नसते. वळवली की मागे जाणारा माणूस आंधळा होतो. आईनं मान वळवली नाही. तिला फक्त बाबा दिसत होते. पाऊल पाऊल मागे जाणारे, बोटांतून वाख सोडणारे, आणि चाकाच्या वरून, तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघणारे.

“निघाली का?” तिनं विचारलं.

“चाललीय.”

“कशी चाललीय?”

“भरभर,” बाबा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “आता हळू.”

“मागे बघते का?”

“नाही.”

कोपरात कळ होती. तिनं हात एकसारखा ठेवला. पहिलंच सूत होतं, त्याच्यावर सगळा दोर जाणार होता. बाबा मागे मागे जात राहिले. आता त्यांना बोललेलं ऐकू आलं नसतं. ते लांब जात होते या बाजूला, आणि पोर लांब जात होती त्या बाजूला, आणि मध्ये आई चाक फिरवत उभी. रस्ता कुठवर सरळ आहे आणि कुठे वळतो, हे तिला पाठ होतं. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याची हनुवटी हळूहळू वर होत गेली, टाचा किंचित उचलल्या गेल्या, लांबचं काही नजरेतून सुटू नये म्हणून माणूस करतो तशा. बाबा तसेच राहिले. मग टाचा खाली आल्या. बाबांची नजर रस्त्यावरून उतरली आणि आईच्या तोंडावर येऊन थांबली.